फिशआयमधले नामदेवभाऊ

मंडळी, आज सकाळी मूल गावाकडच्या एक बाई आमच्या चंद्रपूरच्या घरी आल्या. आपण नामदेवभाऊंची मुलगी, असं त्यांनी सांगितलं.

शहाऐंशी साली मी उसनी फिशआय लेन्स घेऊन त्यांच्या गावच्या तळ्यावर गेलो होतो. मासेमारी करणारे नामदेवभाऊ फोटोसाठी धुतलेला सदरा घालून ताठ उभे राहिले. मी जाळं मधे ठेवलं आणि त्यांना मुद्दाम कडेला सरकवलं. या लेन्समध्ये कडेचा माणूस वाकतो, ताणला जातो. मला तीच गंमत हवी होती! अख्खा रोल तसाच संपवला. फोटोला बक्षीस मिळालं. त्यांना प्रत द्यायची मात्र राहूनच गेली.

"मी लहान होती तवाच बाबा गेले," बाई म्हणाल्या. "घरी त्याईचा एकई फोटो नाई. माय सांगे, तुमी काढला होता."

मी भिंतीवरचा तोच फोटो उतरवून दिला.

"भाऊ, माहे बाबा असेच दिसत होते काय?"

साधी लेन्स त्या दिवशी माझ्या पिशवीतच होती. पण नामदेवभाऊ खरे कसे दिसायचे, ते मलाही आठवेना. मी फक्त त्यांचं वाकणं पाहिलं होतं.

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं होतं मी त्यांना?