बाहेर उघडणारा दरवाजा

आप्पांच्या घरात दरवाजा एकच होता आणि तो जिन्यावर उघडायचा. आत सगळा पडद्यांचा कारभार. झोपायच्या खोलीला जाड निळा पडदा, मागच्या खोलीला जुन्या चादरीचा आणि बाथरूमला मेणकापडाचा. वाऱ्यानं उडू नये म्हणून मेणकापडाच्या खालच्या पट्टीत लोखंडी वायसर शिवलेले होते. वायसर आप्पांनी कारखान्यातून आणले होते, शिवले होते बाळच्या आईनं. कुणी आत गेलं-आलं की ते फरशीवर घासून खुळखुळायचे. घरातल्या माणसांना त्या आवाजावरून कोण आत आहे तेही कळायचं.

बाळ म्हणजे आप्पांचा एकुलता एक मुलगा. वय एकतीस, चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायच्या कामावर. तरी घरात बाळच.

चौदा वर्षांचा असताना तो कडी लावून आंघोळीला गेला आणि आत त्याला फिट आली. फिटा त्याला लहानपणापासून यायच्या, पण तोवर नेहमी कुणाच्या तरी समोर आल्या होत्या. बाथरूमचा दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा आणि बाळ नेमका दाराला आडवा पडलेला. आप्पांनी पहारीनं कडी उचकटली, तरी दार हलेना. जोर लावावा तर पोरगं दाबलं जाणार, न लावावा तर वर गरम पाण्याचा नळ चालूच. शेवटी लावला जोर. खांद्यापासून कोपरापर्यंत बाळचा हात भाजला होता. बरगडी मोडली होती. ती पाण्यानं मोडली नव्हती.

पुढच्या सुट्टीला आप्पांनी घरातले सगळे दरवाजे उतरवले. चौकटीसुद्धा काढल्या. बाळची आई म्हणाली, "चौकटी तरी राहू द्या, भिंती उघड्या पडल्यात." आप्पा म्हणाले, "चौकट राहिली की माणसाला दरवाजा आठवतो."

त्यानंतर बाळ आंघोळीला गेला की त्याची आई पडद्याबाहेर बसून भाजी निवडायची आणि काहीबाही बोलत राहायची. आतून हुंकार आला की दुसरा विषय. ती गेल्यावर ती जागा आप्पांकडे आली. त्यांना गप्पा मारायची सवय नव्हती, म्हणून ते मोठ्यांदा पेपर वाचायचे.

"आप्पा," बाळ एकदा आतून ओरडला, "मी अंगाला साबण लावतोय आणि तुम्ही मला अपघात वाचून दाखवताय!"

"मग काय वाचू?"

"काही वाचू नका. आहे मी जिवंत."

असं चाललं होतं. चाललंही असतं. पण चष्म्याच्या दुकानातली एक मुलगी बाळबरोबर घरी जेवायला आली. डोळे तपासायच्या खोलीत काम करायची, बोलायला मोकळी. आप्पांनी बाळच्या दुखण्याचा विषय आडून काढला तर सरळ म्हणाली, "माहितीये मला. दुकानात दोनदा झालं. मीच कुशीवर वळवलं त्यांना." आप्पांना ती आवडली. दुपारभर बसली, चहा मात्र घेतला नाही, पाणीही घोटभरच. निघताना तिची चाल जरा घाईची वाटली. आप्पांच्या काही लक्षात आलं नाही, बाळच्या आलं.

तिला सोडून आल्यावर तो चप्पल न काढता उभा राहिला.

"ती दुपारभर दाबून बसली होती. पडद्यामागे जायची लाज वाटली तिला."

"मग सांगायचं. मी खाली जाऊन आलो असतो."

"आप्पा, लग्नानंतर रोज खाली जाणार का तुम्ही? घराला दरवाजे लावा. नाहीतर मी जातो."

"कुठे जातोस?"

"दरवाजा असेल तिथे."

आप्पांनी दोन दिवस तोंडाला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी टेप काढली आणि भिंतीतल्या भोकांची मापं घेतली. उंची दोन्ही बाजूंना मोजली, रुंदी वर, मध्ये आणि खाली. आयुष्यभर पंपाच्या कारखान्यात फिटर होते. माप घ्यायचं तर नीट घ्यायचं, मनात नसलं तरी.

मग बाळला घेऊन ते दरवाजांच्या दुकानात गेले. तिथे भिंतीला टेकवून दरवाजेच दरवाजे उभे होते, एकाच्याही मागे खोली नाही. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडे चौकटच नाही ना, मग चौकटीसकट तयार घ्या. पल्ला बिजागऱ्यांवर आधीच बसवलेला असतो. भोकात उभा करायचा, पाचरी मारायच्या, फोम भरायचा, झालं. पण आधी सांगा, डावा की उजवा, आत उघडणारा की बाहेर. एकदा बनवला की बदलत नाही."

"बाथरूमचा बाहेर," आप्पा म्हणाले.

"बाहेर? अहो काका, पॅसेजमधून जाणाऱ्याचं डोकं फुटेल."

"फुटू दे. बाहेर फुटलं तर दिसतं तरी."

दुकानदारानं बाळकडे पाहिलं. बाळ दुसऱ्या एका दाराची कडी लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता. लहान पोर खेळण्यांच्या दुकानात रमावं तसा. आप्पांनी तोंड फिरवलं.

"कडी नको," ते हळूच दुकानदाराला म्हणाले.

"कडी हवी," बाळ मागून म्हणाला. कान तिखट होते त्याचे.

दरवाजे बसवायला आला तो मिस्त्री आप्पांच्याच वयाचा, तोंडानं फटकळ. आल्या आल्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय हो आप्पा, नाटक कंपनी आहे का घरात? एवढे पडदे!"

"तिसरा अंक चालू आहे," आप्पा म्हणाले. "तुम्ही काम करा."

भिंत ओळंब्यात नव्हती. वरून खाली येता येता बोटभर बाहेर झुकली होती. मिस्त्रीनं चौकट भोकात उभी केली, बिजागरीच्या बाजूनं सुरुवात करून वर, मध्ये, खाली लाकडी पाचरी सारल्या, ओळंबा सोडला, एक पाचर काढली, पुन्हा सारली. आप्पा शेजारीच उभे. "खालची अजून ठोका." "वर सुटलीय बघा." मिस्त्री शेवटी वैतागला. "तुम्हीच लावता का? मी तुमचा पेपर वाचत बसतो." पण बाथरूमचा पल्ला अर्धा उघडून सोडला तेव्हा तो होता तिथेच थांबला. आपणहून उघडला नाही, आपणहून लागला नाही. दोघेही म्हातारे त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिले.

त्या संध्याकाळी बाळ आत गेला. आतला गोल खटका फिरला. खट्. आप्पा पॅसेजमध्ये उभे होते. आतून आधी पाण्याचा आवाज आला, मग बाळ गायला लागला. बेसूर, मोठ्यानं, कुणी ऐकत नाही अशा खात्रीनं. सतरा वर्षांत आप्पांनी त्याला गाताना ऐकलं नव्हतं. मधेच गाणं थांबलं. आप्पांचा हात दाराच्या मुठीवर गेला. मग पुन्हा सुरू झालं. चूळ भरत असणार.

आठवडाभर त्यांनी ते सोसलं. मग एका सकाळी बाळ कामावर गेल्यावर त्यांनी जुनी कानस काढली. खटका फिरवला की पल्ल्याच्या कडेतून लोखंडाची जीभ पुढे येत होती आणि चौकटीतल्या खाचेत शिरत होती. आप्पांनी कुलूप खोलून काढलं, जीभ चिमट्यात धरली आणि टोकाकडून झिजवली. खाचेपर्यंत पोचेल, पण आत शिरणार नाही एवढीच. धारदार कडा मारल्या, टोकाला पहिल्यासारखा गोलावा दिला, बारीक पॉलिश कागद फिरवला. कारखान्यात त्यांच्या हातच्या कामावर कानशीचा ओरखडा दिसत नसे, इथेही दिसला नाही. पुन्हा बसवल्यावर खटका तसाच फिरला, खट् तसंच वाजलं. फक्त बाहेरून मूठ दाबून ओढली की दार उघडत होतं.

त्यांना त्यात लबाडी वाटली नाही. सुटकाच वाटली. पोराला दार मिळालं, बापाला झोप.

आणि ते उपयोगी पडलंसुद्धा. महिनाभरानं आत गाणं थांबलं आणि काहीतरी आदळलं. आप्पांनी दार ओढलं, बाळला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सारला, नळ बंद केला. शुद्धीवर आल्यावर बाळनं ओल्या डोळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"मी कडी लावली नव्हती का?"

"नसशील लावली."

"लावली होती, वाटतं."

"आता कसं आठवेल तुला? पड जरा."

बाळ बिचारा ओशाळला. त्यानंतर तो कडी लावताना न विसरता दोनदा चाचपायचा. आप्पांना ते बाहेरून ऐकू यायचं. खट्, आणि मग पुन्हा, खट्.

लग्नाचं ठरत आलं तशी मुलगी सुट्टीच्या दिवशी पुन्हा आली. येताच दरवाजे बघितले, हसली, बाळला चिमटा काढत म्हणाली, "वा, घर झालं की आता!" जेवणं झाली. आप्पा स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. बाळ जिना उतरून काहीतरी थंड आणायला गेला, ते नळाच्या आवाजात त्यांना कळलं नाही. नळ बंद केला आणि बाथरूममध्ये धाडकन काहीतरी पडलं.

ते पळालेच. मूठ दाबली, दार ओढलं.

मुलगी आत होती. साबणाचा डबा खाली पडला होता. ती किंचाळली नाही. तिनं फक्त अंगावरचे कपडे गोळा करून घट्ट धरले आणि आप्पांकडे असं बघितलं की त्यांनी दार लावलं आणि ते तिथेच पाठ करून उभे राहिले.

बाळ आला तेव्हा ती पर्स घेऊन बाहेरच्या दाराशी होती.

"मी कडी लावली होती," ती म्हणाली. "शपथेवर सांगते, लावली होती."

"पोरी, मला वाटलं बाळच आत आहे. अगं, काहीतरी पडलं..."

"मी लावली होती हो कडी."

बाळनं हातातली थंडाची बाटली खाली ठेवली. बाथरूमच्या दाराशी जाऊन उकिडवा बसला. खटका फिरवला. बाहेर आलेली जीभ बघितली, चौकटीतली खाच बघितली. दिवसभर भिंगांच्या कडा घासणारा माणूस तो. त्यानं जिभेच्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि त्याला कळलं.

"कारखान्यातून असं येत नाही हे," तो म्हणाला. "एवढं सुबक फक्त तुम्ही करता."

आप्पा ओले हात पुसत राहिले.

"कधी?"

"आठवड्यानं. दार बसवल्यावर."

"म्हणजे इतके दिवस मी उघड्यावरच आंघोळ करत होतो."

"तसं कशाला म्हणतोस? तू आतून सुखात होतास, मी बाहेरून. कुणाचं काय बिघडलं? आणि तू पडलास त्या दिवशी? त्या दिवशी खरी कडी असती तर?"

"तर तुम्ही ती तोडली असती," बाळ म्हणाला. "दार बाहेर उघडतं, आप्पा. मी आडवा आलो नसतो. त्यासाठीच तर तसलं घेतलं होतं ना आपण? आणि तुम्ही मला म्हणालात, नसशील लावली. मी महिनाभर स्वतःच्या डोक्यावर संशय घेतोय."

यावर आप्पांकडे उत्तर होतं. पण ते सतरा वर्षं जुनं होतं आणि त्यात एक बरगडी मोडत होती, आणि ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाळ त्याच दिवशी गेला. आधी एका मित्राकडे, मग भाड्याच्या खोलीत. लग्न चार माणसांत झालं, त्या चारांत आप्पा नव्हते. तिनं निरोप पाठवला होता, "त्यांच्या मनातला राग जरा जाऊ द्या, मग मीच घेऊन येते." चांगली मुलगी.

आप्पांनी मिस्त्रीला बोलावून कुलूप बदलून घेतलं. नवीन कुलपाला जीभ लांब होती, आणि बाहेरच्या बाजूला एक बारीक खाच. "अडीअडचणीला यात नाणं घालून फिरवायचं, आतली कडी सुटते," मिस्त्री म्हणाला. "हे आधीच घ्यायचं होतंत. कानस कशाला काढलीत म्हातारपणी?"

"सुचलं नाही," आप्पा म्हणाले. ते खरंच होतं. सुचलं असतं तरी, नाणं शोधण्याएवढा वेळ कुणाजवळ असतो, असंच त्यांना वाटलं असतं.

काही आठवड्यांनी बाळ उरलेले कपडे न्यायला आला. एकटाच. आप्पांनी त्याला आधी बाथरूमकडे नेलं. "बघ. पूर्ण बसते आता. हात लावून बघ."

बाळनं जिभेवरून अंगठा फिरवला. मग आप्पांकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं. आत गेला, दार ओढून घेतलं. खट्.

आप्पा पॅसेजमध्ये उभे राहिले. आतून पाण्याचा आवाज नाही, गाणं नाही, काहीच नाही. तो मुद्दाम गप्प बसलाय हे त्यांना कळत होतं. हीच परीक्षा आहे, आपण फक्त उभं राहायचं आहे, तो येईल बाहेर, कदाचित चहाला थांबेल, कदाचित पुढच्या वेळी तिला घेऊन येईल. सगळं कळत होतं. त्यांनी भिंतीला पाठ टेकली. हात खिशात घातले. खिशात नाणं होतं.

बराच वेळ गेला. की थोडाच गेला. फिट येताना दरवेळी काही पडतंच असं नाही. कधी कधी माणूस बसल्या जागीच मान टाकतो. आवाज होत नाही.

त्यांनी नाणं खाचेत घातलं. फिरवणार नव्हते. फक्त बसतंय का ते बघणार होते. मग फिरवलं.

दार बाहेर उघडलं, न कुरकुरता. बाळ आत पालथ्या बादलीवर बसला होता, कपड्यानिशी, कोरडा, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याची नजर कडीच्या खटक्यावर होती. खटका आपोआप फिरताना त्यानं पाहिला होता.

"मी हाक मारणार होतो," आप्पा म्हणाले.

बाळ उठला. बादली सरळ करून नळाखाली ठेवली. आप्पांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि त्यांना हलकेच बाजूला सारून पुढे गेला. कपाटातले कपडे पिशवीत भरताना त्याची पाठ हलत होती.

"चहा टाकतो," आप्पा म्हणाले.

"नको. ती वाट बघतेय."

"बाळ, अरे, मी परत नाही..."

"असू दे, आप्पा," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "तुमच्यानं नाही होणार. माझ्याही लक्षात आलं."

पिशवी उचलून तो गेला. जिन्यावर त्याची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. तो पडला नाही. तेवढं आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं.