पितृपक्षात आलेलं धनुष्य

२०२४ साल. भाद्रपद संपत आला होता, पितृपक्ष चालू होता आणि पाऊस जायचं नाव घेत नव्हता. तेव्हा आमच्या गव्हाणच्या घरात एक जुनं कंपाउंड धनुष्य आलं. त्यानंतर दिवाळी उलटून जाईपर्यंत इतके किस्से साठले, की मैदानावर चहाच्या वेळी रोज कोणीतरी एक काढतो आणि प्रत्येक जण चुकीचा सांगतो. म्हणून एकदा मीच सांगून टाकतो. मी चौथी शिकलोय. पळस्प्याला ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवण्यात जन्म गेला. फिरवून सांगणं मला जमत नाही.

माझी नात रेश्मा पनवेलला पवार सरांकडे धनुर्विद्या शिकते. दिवाळीनंतर जिल्ह्याची निवड होती आणि त्या वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. क्लबचं धनुष्य एक, ओढणाऱ्या मुली सहा. स्वतःचं नसेल तर निवड विसरा, असं सर म्हणाले. पुण्याचा एक मुलगा खेळ सोडून परदेशी निघाला होता. त्याचं बारा वर्षं वापरलेलं धनुष्य आम्ही घेतलं.

*

आमच्या म्हातारीने, रेश्माच्या आजीने, दारातच अडवलं. पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात नाय. मी म्हणालो, बारा वर्षांची वस्तू नवी कशी? तर म्हणते, "मंग कोनाची तरी जुनी पीडा हाय."

नवंही नाही, जुनंही नाही! शेवटी पडवीत खुंटीला टांगलं.

तीन दिवसांनी माझ्या वडिलांचं श्राद्ध. पान वाढून अंगणात ठेवलं. कावळा येईना. कौलावर चार बसले होते, खाली एक उतरेना. वडे केले नव्हते का, भजी राहिली का, सगळं बघून झालं. भाऊबंद ताटकळले. मग माझा धाकटा भाऊ पडवीकडे बोट दाखवून म्हणाला, "दादा, बापावर नेम धरून ठेवलायस. तो येल कसा?"

मी रागाने धनुष्य उचललं आणि मागच्या दाराला नेलं.

कावळा आला. तेव्हापासून गावाचं मत पक्कं झालं.

*

कंपाउंड म्हणजे दोन टोकांना चाकं असलेलं धनुष्य. ओढताना आधी जड लागतं आणि शेवटाला एकदम हलकं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ओढलं, शेवटाला हात ढिला पडला. पाटा असा नसतो. पाटा जितका दाबाल तितका उलट अंगावर येतो. मी समजलो, माल आतून गेलाय. पुण्याच्या मुलाला फोन लावला.

तो म्हणाला, "काका, ते तसंच असतं."

मी म्हणालो, "चोर पण तसंच म्हणतो."

त्याने फोन ठेवला. मी धनुष्याच्या वरच्या-खालच्या, वाकणाऱ्या पात्यांचे बोल्ट घट्ट आवळले. दुसऱ्या दिवशी मैदानावर रेश्माला दोरी हलेना. मान लाल, दंड थरथरतोय. घरी सगळे म्हणू लागले, पोरीला खायला घाला.

पवार सरांनी धनुष्य हातात घेतलं. "आबा, शेवटी हलकं होतं म्हणूनच तर घेतात. ओढून धरलं तरच नेम लागेल ना. बोल्ट किती फिरवलेत?"

"बसले तितके."

सरांनी बोल्ट सोडवले. एवढा शहाणपणा होता तर आधी बोलायला काय झालं होतं त्यांना?

*

पण खरी अडचण वेगळीच होती. पुण्याचा मुलगा सहा फुटी. त्याच्या हाताच्या मापाने बसवलेली दोरी रेश्माच्या कानामागे जायची. चाकांचं माप बदलायचं तर आधी धनुष्य दाबून धरणारं यंत्र लागतं, प्रेस म्हणतात त्याला. ती पनवेलमध्ये इस्माईलभाईंकडे होती.

इस्माईलभाई माझ्याच वयाचे. पूर्वी गॅरेज होतं. रविवारची सकाळ मैदानावर म्हणजे मैदानावर, मग घरात लग्न असो की पाहुणे. त्यांचं धनुष्यही आमच्याच कंपनीचं, त्याच जुन्या मॉडेलचं. घरातल्या भिंतीवर खुंटीला टांगलेलं, रोज पुसलेलं.

त्यांनी रेश्माचं धनुष्य प्रेसमध्ये लावलं, दोरी उतरवली, माप बदललं. मग ओढून बघितलं तर वरचं चाक आधी टेकतंय, खालचं नंतर. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या केबलला एक पीळ दिला. पुन्हा बघितलं. पुन्हा पीळ. मी चिडलो, एवढ्या वेळात ट्रक उभा केला असता म्हणालो.

"सबर करा, आबा. दोन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत. ह्यांच्यात नवरा-बायकोसारखं चालत नाही."

आतून त्यांच्या बायकोने भांडं आपटलं. मग चाकं एकदम टेकली.

*

मग कागदाची परीक्षा. चौकटीत पेपर ताणून लावायचा आणि जवळून बाण मारायचा. भोक नीट गोल पडलं तर धनुष्य जुळलं. आडवं-तिडवं फाटलं तर बाण वाकडा सुटतोय.

सरांच्या पिशवीत पेपर होता. मागच्या पानभर वाढदिवसाच्या शुभेच्छा, मधोमध बाळाशेठचा फोटो. बाळाशेठ म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा. जमीन विकली, मग दुसऱ्यांच्या विकायला लागला, आता प्लॉटिंगवाला झालाय. जग शेठ म्हणतं. मी बाळ्या म्हणतो.

पहिला बाण. नाक डावीकडे फाटलं. सरांनी बाण टेकायची जागा केसभर सरकवली. दुसरा बाण. गाल गेला. तशी दहा-बारा पानं लागली आणि प्रत्येकावर बाळाशेठच, कारण शुभेच्छांचा तो पेपर क्लबमध्ये गठ्ठ्यानेच आला होता. शेवटी दोन भुवयांच्या मधोमध स्वच्छ गोल भोक पडलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मागे बाळ्या उभा. क्लबला देणगी द्यायला आला होता.

"काका, एवढा राग?"

मी म्हणालो, "राग नाही. आता कुठे जुळलंय."

*

दसऱ्याला म्हातारीचा रुसवा गेला. पितृपक्ष सरला, धनुष्य ओटीवर आलं, पाटावर बसलं. हळदकुंकू चाकात जाऊ देऊ नका, एवढं मी बजावलं. झेंडूची माळ घातली. रेश्मा आठवडाभर त्यावरच सराव करत होती आणि बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात जायला लागले होते.

बाळ्या आला. बरोबर पाच-सहा पोरं आणि कॅमेरावाला. शस्त्रपूजनाचा फोटो पाहिजे. बाळ्याने माळ काढून धनुष्य उचललं आणि दोरीला हात घातला.

रेश्मा पुढे झाली. "काका, बाण नसताना सोडायचं नाय. मोडतं ते."

"तू मला शिकवतेस?"

ओढलं, मान वळवली, फोटो झाला. आणि सोडलं.

आवाज असा झाला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. वरचं पातं उभं चिरलं, चाक वाकलं, दोरी सुटून हळदकुंकवाच्या ताटात पडली. बाण असता तर सगळा जोर त्याने नेला असता. बाण नव्हता, म्हणून जोर धनुष्यानेच खाल्ला.

मी म्हणालो, "बाळ्या, भरून दे."

"बघू ना, काका. माल जुनाच होता. पितृपक्षातला."

पोरं हसली. बाळ्याने खिशातून आपट्याचं पान काढलं, माझ्या हातात ठेवलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाला, पाया पडला आणि गाडीत बसला. वयाने मोठा म्हणून मी आशीर्वाद द्यायचा असतो. नाही दिला.

*

एवढ्या जुन्या मॉडेलची पाती कोणाकडे नव्हती. मुंबईच्या दुकानदाराने दीड महिना सांगितला. तोवर निवड होऊन गेली असती. रेश्मा रडली नाही. बाण पलंगाखाली सारले आणि पुस्तक घेऊन बसली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मोडकं धनुष्य गोणीत घालून मी पनवेलला गेलो. इस्माईलभाईंनी चिरलेल्या पात्यावरून बोट फिरवलं. कोणी केलं, हे विचारलं नाही. उठले, खुंटीवरचं स्वतःचं धनुष्य काढलं आणि प्रेसमध्ये लावलं.

मी म्हणालो, हे चालणार नाही.

"आबा, माझी कुठे निवड आहे?"

पाती, चाकं, दोरी, केबल, सगळं रेश्माच्या धनुष्यावर चढवलं. चाकं पुन्हा जुळवली. स्वतःच्या धनुष्याची उरलेली नुसती मधली मूठ खुंटीला परत टांगली. त्यांची बायको दारातून बघत होती. म्हणाली, आता रविवारी हे माझ्या डोक्यावर बसणार.

मी म्हणालो, "फेडीन."

त्यांनी धनुष्य गोणीत घालून माझ्या हातात दिलं.

*

निवडीच्या मैदानावर एका मुलीचा बाप रेश्माचं धनुष्य बघून म्हणाला, हे म्युझियममधून आणलं का. मी त्याच्याकडे बघितलं. तो दुसऱ्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

दोन मुली घेणार होते. रेश्मा दुसरी आली. पहिली त्या बापाची नव्हती.

इस्माईलभाई पुढेही दर रविवारी मैदानावर येत राहिले. खुर्ची टाकून बसायचे. मुलींचे बाण उपटून आणायचे, गुण मोजायचे. एकदा तरी कुरकुर केली असती तर बरं झालं असतं. नाही केली. दर रविवारी मी घरी येऊन जेवणावर राग काढायचो.

*

भरपाई मागायला बाळ्याकडे मी दोनदा गेलो होतो. पहिल्यांदा साहेब साइटवर होते. दुसऱ्यांदा, दिवाळीत, भेटला, फराळाचं ताट पुढे केलं आणि फोनवर बोलत बोलत निघून गेला.

तिसऱ्यांदा त्यानेच बोलावलं. नवा बंगला, सत्यनारायणाची पूजा. हॉलमध्ये माणसं दाटीने बसलेली. समोरच्या भिंतीवर खास लाइट, आणि लाइटखाली कोरं करकरीत काळं कंपाउंड धनुष्य. दसऱ्याचा फोटो फार गाजला म्हणून मागवलेलं. उलटं टांगलं होतं.

बाळ्या पुढे आला. "या काका. टॉपचं मॉडेल आहे."

मी विचारलं, "ओढतो कोण?"

"ओढायचं कशाला? शोला आहे."

केटरिंगच्या पोराकडून मी खुर्ची मागून घेतली. भिंतीला लावली, वर चढलो आणि धनुष्य काढलं. हॉलमधलं बोलणं थांबलं. भटजीही थांबले.

"काका, अहो, लोकं बसलीत."

"बसू दे."

बाळ्याने धनुष्याला हात घातला. मी बघत राहिलो. त्याने हात मागे घेतला. धनुष्य खांद्याला लावून मी देवाला नमस्कार केला, उजव्या हाताने प्रसाद घेतला आणि बाहेर येऊन रिक्षा पकडली.

पनवेलला इस्माईलभाई नमाजाला गेले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी आत गेलो, खुंटीवरची मूठ काढून खाली ठेवली, नवं धनुष्य सरळ टांगलं आणि निघालो.