खालचं वारं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरच्यांना तिची अर्धी बाजू माहीत आहे, आणि ती मीच पसरवलेली आहे. आता सांगायला बसलो तर गोंधळ असा, की त्या दुपारचं मला खरोखर काय आठवतं आणि पुन्हा पुन्हा सांगून मी काय खरं करून टाकलं, हे माझं मलाच वेगळं करता येत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी मूळचा इस्लामपूरकडचा, कोयनानगरच्या कॉलनीत नोकरीला. माझा एक मित्र धरणाच्या पाण्याकाठच्या गावातला, नुकताच सैन्यातून निवृत्त होऊन आलेला. विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्यांत तो होता. माझ्याहून बराच लहान, म्हणून मला आण्णा म्हणायचा. एकदा आमच्या घरी टीव्हीवर कुठला तरी परदेशी किनारा दाखवत होते. निळं, उथळ पाणी, आणि भल्यामोठ्या पतंगाला बांधून घेतलेली माणसं फळीवर उभी राहून पाण्यावरून सूं करत जात होती. चहाचा कप हातात घेऊन हा टीव्हीसमोर जमिनीवर जाऊन बसला.

"आण्णा, गुडघाभर तर पाणी हाय! ह्ये तर आपल्याकडं बी हाय की."

ते खरंच होतं. उन्हाळ्यात धरण उतरलं की त्याच्या गावाखाली, बुडालेल्या भातखाचरांवर, एक उथळ तुकडा उरायचा. तळ सपाट, मधेच पायाला जुना बांध लागायचा. मे महिन्यात दुपारपर्यंत ते पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट व्हायचं. "हितं बुडायचं म्हटलं तर आडवं पडावं लागंल," असं तो म्हणायचा.

त्यानं साताऱ्याच्या जुन्या बाजारातून पॅराशूटचं कापड आणलं, कापून बायकोच्या मशीनवर त्याचा मोठा पतंग शिवला, आणि पडक्या दाराच्या फळीला पायासाठी पट्टे ठोकले. बायको म्हणाली, "पेन्शन पतंग उडवायला दिलीया व्हय सरकारनं?"

अडचण वाऱ्याची होती. ती जागा टेकाडांच्या आडोशाला. काठावर वारा गोल गोल फिरायचा, नेमका कुठून येतोय ते कळायचं नाही. ते वरच्या टेकाडावर उभं राहिलं की कळायचं. म्हणून मी वर, काठीला पंचा बांधून, आणि तो खाली. दुपारी कोकणातून घाट चढून येणारा वारा चांगला, कारण तो माणसाला काठाकडे ढकलायचा. पडलं तरी चिखलात. पण वळवाच्या दिवसांत वारा उलटून देशाकडून, म्हणजे पूर्वेकडून यायचा. तो काठावरून आत न्यायचा, खोल पाण्याकडे, जिथं बुडालेल्या झाडांची खोडं वर आलेली असायची. सुरुवातीचे दिवस वारा कोकणचाच होता. मी "आला रं!" म्हणून ओरडायचो आणि तो फळीवर उभा राहून पंचवीस-तीस हात जायचा, पडायचा, चिखलानं माखून हसत उठायचा. एवढा मोकळा हसणारा माणूस मी फार पाहिलेला नाही.

त्या दुपारी पंचा आधी लोंबत होता. मग पूर्वेला ढग दाटले आणि पंचा उलटीकडे फडफडला. मी ओरडलो, "खालचं वारं सुटलंय! खालचं!" हे शब्द मला पक्के आठवतात. त्यानं हात वर केला, "व्हय!" म्हणाला, आणि दोऱ्या ओढल्या. कापड आडोशाच्या वर गेलं, भरलं, आणि त्याला ओढत आत घेऊन गेलं. मासे धरणाऱ्यांच्या होडीनं त्याला आणला तेव्हा दोरी पायाला गुंडाळलेली होती आणि गुडघा खोडावर आपटून फुटला होता.

कराडच्या दवाखान्यात त्याच्या बायकोनं मला विचारलं, "आण्णा, तुमी वर हुता न्हवं? काय सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं की," मी म्हणालो. "नको म्हणालो होतो. ऐकलं नाही त्यानं."

मी खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही. वारा उलटा आहे असं ओरडणं म्हणजे नकोच की. पण संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. त्याच्या मेव्हण्यानं साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर त्याचं काम जमवलं होतं, बसायचंच काम. मेव्हणा म्हणाला, "सांगितल्यालं ऐकत न्हाई त्या माणसाला फाटकावर बसवून मी तोंडावर पडू?" काम गेलं ते गुडघ्यामुळे नाही, माझ्या त्या वाक्यामुळे.

पावसाळा संपता संपता मी मित्राच्याच गावात दुसऱ्या एका ओळखीच्याला भेटायला गेलो. त्या ओळखीच्याची आई म्हणाली, "खाली गेलाय, यील आता." मी कराडकडून येणाऱ्या एसटीची वाट बघत बसलो. तो उतरला चिपळूणच्या गाडीतून. मी म्हटलं, आजी, तुम्ही तर खाली म्हणालात. म्हातारी म्हणाली, "मग चिपळूण काय वर हाय व्हय?"

माझ्या मुलखात खाली म्हणजे नदी वाहत जाते तिकडे, सांगलीच्या अंगाला. त्यांच्यात खाली म्हणजे घाट उतरून, कोकणात. मी मित्राला धोका ओरडून सांगत होतो आणि त्याला ऐकू आला तो चांगला वारा. मग मी 'नको' म्हणालो होतो का? 'थांब' तरी? कधी वाटतं, हात आडवा केला होता. कधी वाटतं, तो हात दवाखान्यानंतरचा आहे, मी मागाहून लावलेला.

मी साताऱ्याला गेलो. मित्र तिथं सासुरवाडीला राहत होता, पिशव्या शिवून विकत होता. सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. त्यानं खुर्ची पुढं केली, स्वतः पाय लांब करून बसला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आण्णा, माजंच चुकलं. मला काय ऐकू आलं द्येव जाणं. तुमी नको म्हणत हुता आन् मी ऐकलं न्हाई. रागावू नका."

त्याची बायको तिथंच पोहे परतत होती. मी म्हणालो, "असू दे." पोहे खाल्ले आणि निघालो.

पुढं मी कितीदा साताऱ्याला गेलो, पण त्याच्या गल्लीत वळलो नाही. काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. त्याच्या बायकोला मी आजवर भेटलेलो नाही.

गड्या, तू ऐकलं होतंस. मी जे बोललो तेच, तुझ्या गावच्या अर्थानं, तू बरोबर ऐकलंस. 'नको' मी बहुतेक म्हणालो नव्हतो. बहुतेक नाही, नव्हतोच. मला माफ कर.