चार नंबरचा मोजा

आमच्या सेटरबाईंचा आवाज मशीनपेक्षा मोठा. डब्यांची झाकणं कापणाऱ्या बारा प्रेस एकदम धडधडत असल्या, तरी त्यांची शिवी शेवटच्या मशीनवर स्वच्छ ऐकू येते. प्रेसमध्ये साचा बसवायचा आणि ती चालवायला द्यायची की नाही हे ठरवायचं, हे सेटरचं काम. बावीस वर्षं त्या ते करतात. उजवी करंगळी पहिल्याच वर्षी गेली. 'गेली' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "गेली कुठं? फिरायला? मशीननं कापली म्हण!"

नव्या बाईला त्या खेळातून शिकवायच्या. मशीन बंद करायची, नवीच्या डोळ्यांवर आपल्या डोक्याचा रुमाल बांधायचा, तिला दोनदा गरागरा फिरवायचं आणि पाना पत्र्यावर ठण्णकन आपटायचा. आवाज झाला की तिने मशीन थांबवायचं लाल बटण चाचपून दाबायचं. बाई मोजणार. एकला दाबलं तर हात शाबूत, दोनला बोटं तुटली, तीनला मनगट. मी पहिल्या दिवशी नऊपर्यंत गेले. बाई म्हणाल्या, "अगं, खांद्यापर्यंत संपलीस की! आता घरी काय पाठवू?" रोज जेवणानंतर खेळत आठवड्याने मी एकवर आले.

मग सेफ्टीचे साहेब आले. त्यांनी हा खेळ पाहिला आणि नाक मुरडून बंद केला, म्हणे गावंढळपणा आहे. त्यांचा खेळ भिंतभर रंगवलेला, सापशिडीचा. प्रत्येक खात्याची एक सोंगटी. आठवड्यात अपघाताची नोंद झाली नाही तर पाच घरं वर, झाली तर साप. शंभरावर पहिलं पोचेल त्या खात्यातल्या बायांना पाठ टेकायची उंच स्टुलं बक्षीस.

इथं माझं डोकं फिरतं. आठ तास उभ्या असणाऱ्या बाईला बसायला देणं हे बक्षीस? उद्या पाणी प्यायचंही बक्षीस लावतील. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी टाळ्या मीही वाजवल्या.

पत्र्याच्या कडेने हात चिरायचे ते चिरतच राहिले. फक्त नोंदी थांबल्या. पूर्वी दवाखान्यात जाऊन पट्टी बांधून यायचो; आता तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी बोटाला गुंडाळायची आणि वरून हातमोजा चढवायचा. एखादी दवाखान्याकडे निघालीच, तर बाकीच्या तिला डोळ्यांनी फाडून खात. त्यात मीही होते.

चार नंबरवर सेटरबाईंची धाकटी जाऊ काम करते. तिच्या पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगलेल्या. सुट्टी झाली की बसस्टॉपपर्यंत चार वेळा थांबते. "जाऊबाई, मला दुसरं काही नको. ते स्टूल तेवढं मिळू दे," एवढंच तिचं मागणं.

आमची सोंगटी पंच्याण्णववर पोचली. एकच आठवडा उरला होता. मंगळवारी सकाळी चार नंबरने डबल मारला, म्हणजे पायडल एकदा दाबलं आणि प्रेस दोनदा खाली आली. दुसऱ्या खेपेला प्रेसने जावेच्या मोज्याच्या दोन बोटांची टोकं साच्यात धरली. हात अडकलेला, प्रेस तिसऱ्यांदा खाली यायला वर निघालेली. मी शेजारी पाचवर होते. मी पाहिलंसुद्धा नाही. माझा हात आपोआप चार नंबरच्या लाल बटणावर गेला. एकला! मोजा कापला गेला होता, बोटं शाबूत. जाऊ हसायला लागली आणि हसताहसता मटकन खाली बसली.

सेटरबाई धावत आल्या. नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं. जावेने त्यांचा हात धरला. "रक्त आलंय का? नाही ना? मग कशाला लिहिता? चारच दिवस राहिलेत, जाऊबाई." आम्ही सगळ्या भोवती उभ्या होतो. एकीनेही 'लिहा' म्हटलं नाही. सेटरबाईंनी जावेच्या पायांकडे पाहिलं आणि वही मिटली. चार नंबरचा एक नट आवळला आणि मशीन पुन्हा चालू केली. कापलेला मोजा आपल्या एप्रनच्या खिशात टाकला. बावीस वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. उरलेले चारही दिवस त्या चार नंबरपाशी पाना घेऊन उभ्या होत्या आणि कुणालाही शिवी दिली नाही.

शनिवारी साहेब फोटोवाला घेऊन आले. आमची सोंगटी हातात घेतली आणि नेमकं जावेलाच पुढे बोलावलं. "सांगा ताई, सुरक्षा म्हणजे काय?"

"शून्य अपघात," जाऊ नवा मोजा घातलेला हात वर करून म्हणाली.

"खोटं!" सेटरबाई गरजल्या. खिशातला मोजा काढून त्यांनी साहेबांच्या छातीवर आपटला. "मंगळवारी चार नंबरनं डबल मारला. हिची बोटं वाचली. मी लिहिलं नाही. मी, सेटर! थू माझ्या जिंदगीवर!"

साहेबांनी मोजा उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाले, "लागलं नाही ना? मग ते मोजायचं नाही. नियमात बसत नाही."

सेटरबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला. साहेबांना काही कळायच्या आत त्यांचे डोळे बांधले, चार नंबर बंद आहे याची खात्री केली, त्यांना दोनदा फिरवलं आणि पाना ठण्णकन आपटला. "शोधा लाल बटण! एक! दोन! बोटं तुटली, साहेब! तीन! चार!" साहेब पत्र्याच्या थप्प्या चाचपत होते. अकराला त्यांनी रुमाल ओढून काढला.

बाईंनी मोजा परत खिशात टाकला आणि आपल्या हाताने सोंगटी सापाच्या शेपटीला नेऊन लावली. सोमवारी चार नंबर उघडली, तर आत क्लचची स्प्रिंग तुटलेली निघाली; डबल त्यामुळेच मारला होता. साहेबांनी सेटरबाईंना गैरवर्तनाची नोटीस दिली. जावेने बोलणं टाकलं. एकाच घरात राहून चार आठवडे दोघींमध्ये निरोप मुलांकरवी.

स्टुलं पॉलिशखात्याला मिळाली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बघायला गेलो. अगदी टोकाच्या स्टुलावर एक कोवळी पोर ऐटीत बसली होती, डावा हात एप्रनच्या खिशात. सेटरबाईंनी तिचं मनगट धरून हात बाहेर ओढला. तीन बोटांना काळी चिकटपट्टी, बोटं टम्म सुजलेली.

"कधी?"

"मागच्या बुधवारी," पोर म्हणाली, "पण कुणाला सांगू नका ना. स्टुलं परत नेतील."

मागे उभी असलेली जाऊ तिच्या त्या फुगलेल्या पायांनी पुढे आली. पोरीचा सुजलेला हात तिने आपल्या हातात घेतला, तिला स्टुलावरून उठवलं आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा सेटरबाईंशी बोलली.

"जाऊबाई, वही आणा. आणि माझा मोजा कुठं ठेवलात? तो त्या सापशिडीच्या शंभरच्या घरात ठोकायचाय."