गुरुजींनी पुढे केलेला कागद

मी आज चार ओळी नीट लिहितो, चार माणसांपुढे उभा राहतो, ते माझ्या गावातल्या शाळेच्या गुरुजींमुळे. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मीच पहिला. वक्तृत्व स्पर्धेसाठी ते मला सायकलवर डबलसीट तालुक्याच्या गोरेगावला नेत आणि वाटेत सांगत, "बाबू, जे तुले पटलं नाही ते बोलू नको. लोकायले समजते."

पदवीनंतर मला एका पुढाऱ्याकडे भाषणं लिहायचं काम मिळालं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला साहेबांबरोबर मी माझ्याच गावी गेलो. मंडईत दुपारी दंडार हे लोकनाट्य रंगतं, त्याआधी पाहुण्यांचं भाषण. त्या वर्षी गावाला एकच ऐकायचं होतं, शाळा राहते की जाते. पोरं कमी म्हणून ती पलीकडच्या गावच्या शाळेत मिसळणार अशी कुजबुज होती, आणि तिकडे जाणारी वाट नागझिऱ्याच्या वाघांच्या जंगलाला चिकटून जाते.

कुडव्याच्या बंगल्यावरून निघतानाच साहेब गाडीत म्हणाले होते, "स्कूल का नाम लिस्ट में आ गया है. महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येते, पण ते सांगत बसू नको. वरचं काम आहे, मैं क्या करूँगा? तू असं लिही, की बाया रडल्या पाहिजेत."

मी लिहिलं.

साहेब माइकपुढे उभे राहिले तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "आटपा जी, दंडारवाले तोंडाले रंग लावून वाळून राहिले!" हशा पिकला. साहेबही हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या जंगलाच्या वाटेवर तुमच्या लेकराआधी माझं पाऊल पडेल. मी जिवंत असेपर्यंत या शाळेची घंटा बंद होणार नाही." शब्द माझे होते, पण त्यांचे डोळे खरोखर भरून आले. मला तेव्हाच भीती वाटली. ते सोंग करत नव्हते. बोलत होते तेवढा वेळ त्यांना ते खरंच वाटत होतं.

टाळ्या थांबल्या आणि गुरुजी मंचावर चढले. हातात गावाच्या निवेदनाचा कागद आणि पेन.

"साहेब, लय चांगलं बोलले तुम्ही. आता तेच याच्यावर लिहून द्या."

साहेबांनी कागद वाचला, पेन हातात घेतलं, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून माइक माझ्याकडे दिला. "गुरुजी, हा तुमचाच विद्यार्थी. माझा शब्द म्हणजे काय, हाच सांगेल."

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. माझ्या तोंडून निघालं, "साहेब बोलले म्हणजे झालंच समजा."

पुन्हा टाळ्या. गुरुजींनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि खाली उतरताना हळूच विचारलं, "काऊन रे बाबू, हे तुले पटलं काय?"

गाडीत बसल्यावर साहेबांनी डोळे पुसले, तंबाखूचा खर्रा मागितला आणि विचारलं, "कैसा रहा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. गुरुजींना हे पत्र पाठवलं:

"आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

शाळेचं नाव यादीत आलं आहे. साहेबांना ठाऊक होतं आणि मलाही. काल भर मांडवात मी खोटं बोललो. भाषणही मीच लिहिलेलं. महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येते. साहेबांच्या सहीची वाट पाहू नका, ग्रामसभा बोलवा, ठराव करा. सभेत हे पत्र सगळ्यांसमोर वाचा, माझ्या आईसमोरही. कोणी विचारलं तर मी येऊन उभा राहीन. या वेळी मला पटलेलंच बोलेन.

तुमचा विद्यार्थी"