फाडून टाकला म्हणालो तो कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

सिंगापूरला मी रॅफल्स प्लेसच्या एका विमा कंपनीत आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचो. आपल्या लोकांत असली गोष्ट लपत नाही. कुणाकडे जेवायला गेलो की हात धुवायच्या आत बिलांचं पाकीट पुढे यायचं — "तुम्ही आपलेच आहात ना." मी म्हणायचो, बघतो. तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. आणि बघतो म्हटलं की मान किती मिळतो, ठाऊक आहे?

श्रीकांत बुकित बातोकला राहायचा. पुण्याचाच, मला दादा म्हणायचा. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्याच्या पायात जी कळ राहिली, ती गेलीच नाही. उभ्यानेच जेवायचा. त्याची छोटी मुलगी सई दारातच मला इथल्या इंग्रजीत सांगायची, "अंकल, बाबा कॅनॉट सिट लाह."

मग तो दोन महिने भावाकडे कॅनडाला जाऊन आला. तिथल्या डॉक्टरांनी रीतसर चिठ्ठीवर गांजापासून केलेलं तेल दिलं होतं. आला तो खुर्चीत बसून जेवला. तेल आणलं नव्हतं — इथे त्याची शिक्षा काय, हे विमान उतरतानाच ऐकवतात. आणलं होतं फक्त डॉक्टरांचं पत्र आणि बिल.

"दादा, भावाच्या ऑफिसचा विमा हे भरून देतो. आमच्या पॉलिसीत परदेशातला उपचार आहे ना? एकदा मंजूर झालं तर दरवर्षी जाऊन येईन."

वृंदावहिनी — त्याची बायको — ओट्यापासून म्हणाल्या, "पुन्हा तसलं काही घेतलंस तर मीच तुझ्या ऑफिसात सांगून येईन." आम्ही हसलो.

इथे जो गुन्हा, तो इथल्या विम्यात बसणार नाही, हे मला तिथेच माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो — बघतो.

सोमवारी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बॅग मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. इथे कायम राहण्याचा माझा अर्ज तेव्हा सरकारकडे पडून होता. आणि बॅगेत गांजाचं बिल, तेही ऑफिसबाहेर परस्पर घेतलेलं. कुणी विचारलं असतं तर? कागद परत देता आला असता. फाडता आला असता. मी काय केलं? बिल जोडून त्याच्या कंपनीच्या एचआरला कळवलं — माझं नाव उघड करू नका, अशी तळटीप घालून. तसं कळवायचा नियम नव्हता. उलट, पेशंटचे कागद मालकाला दाखवायचे नाहीत हाच नियम; नव्या माणसांना तो मीच शिकवायचो.

श्रीकांतला सांगितलं, "बसत नाही रे. कागद फाडून टाकला."

काही आठवड्यांनी एचआरने त्याला बोलावलं, बिल न दाखवताच त्याबद्दल विचारलं. नोकरी गेली, नोकरीबरोबर इथे राहायचा पासही. मी भेटायला गेलो. निम्मं घर खोक्यांत होतं.

"दादा, माझ्याशिवाय हे दोघांनाच माहीत होतं, तुम्हाला आणि हिला," तो म्हणाला. "तुम्ही तर कागद फाडलात."

वहिनी सईचे कपडे घड्या करत होत्या. "मी रागात बोलले होते रे," एवढंच म्हणाल्या. त्याने वर पाहिलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं — हा तरी दोन शब्द आपल्या बाजूने बोलेल, अशा नजरेने.

मी चहा संपवला.

माझा अर्ज मंजूर झाला. श्रीकांत आता पुण्यात आईजवळ असतो. वहिनी सईला घेऊन माहेरी. कळ तशीच आहे. दिवाळीला तो न चुकता फोन करतो. "घरच्यांनी दगा दिला, दादा. तुम्ही तेवढे माझे निघालात." आणि मी — मी त्याला तब्येत विचारतो.

भीती होती, हे खरं. पण चहा पिताना कसली भीती होती?

तो कागद मी पाठवला, वृंदावहिनींनी नाही — हे सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे. आधी वहिनींना, मग श्रीकांतला.