शालनच्या गालावर एकराचं गंधक

बायकोच्या तोंडावर मी द्राक्षाचं औषध मारलं, हे खरं आहे. गावात आजही लोक ही गोष्ट वाढवून सांगतात, पण वाढवण्याजोगं तिच्यात मी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तासगावजवळ आमची दोन एकर बाग, नवीनच लावलेली. शालनला सातवा महिना लागला होता आणि तिच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर मुरमांचं पीक आलं होतं, बागेपेक्षा दाट. आदल्या वर्षी आमचं एक मूल पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे या खेपेला शालनला साधी शिंक आली तरी माझी आई देवापुढे जाऊन बसायची.

डोहाळजेवण आठ दिवसांवर आलेलं. शिराळ्याहून तिच्या माहेरची माणसं येणार, फोटोवालाही ठरलेला.

"मी न्हाई बसायची पाटावर," शालन आरसा पालथा टाकून रडायला लागली. "आल्यागेल्याला ह्ये तोंड कसं दावू?"

"आगं, द्राक्षावर भुरी येती तसलंच हाय ह्ये. दोन एकरावरची घालवली मी, तुजं तोंड ते केवढं?"

(नवरा असं बोलायला लागला की बायकोनं सरळ माहेरची एसटी धरावी. शालन बसून राहिली. विश्वास होता बिचारीचा.)

भुरीवर, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर, आम्ही गंधक मारायचो. सकाळी पानांवर दव असताना जुन्या धोतराच्या फडक्यात भुकटी बांधायची आणि ती पुरचुंडी वेलीवर झटकत जायचं. मी तसंच केलं. शालनचं तोंड ओलं केलं, म्हणजे दव झालं. डोळे मिटायला सांगितले आणि झटकली पुरचुंडी. पानाच्या खालच्या अंगालाही औषध लागावं लागतं, म्हणून हनुवटी वर करून गळ्यालाही मारलं. कामात मी कधी कुचराई केली नाही.

दहाच्या सुमाराला तिचं तोंड लालबुंद झालं. बारापर्यंत डोळे सुजून मिटले, खोकल्याची उबळ थांबेना. मग ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आवं, सकाळधरनं बाळ हाललं न्हाई."



"आरं, कुठल्या डब्यातलं लावलंस?" आईनं विचारलं.

"बागेतल्या खोपीतल्या," मी म्हणालो. त्याच डब्यात महिन्यापूर्वी किडीची विषारी पावडर होती आणि मी डबा नुसता झटकून घेतला होता, धुतला नव्हता. हे मात्र आईला सांगायची माझी छाती झाली नाही.

सांगलीच्या एसटीत शालन पदरानं तोंड झाकून बसली. पदर जरा सरकला तशी शेजारची म्हातारी माझ्याकडे वळली. "पोटुशीला मारलंस व्हय रं?"

"मारलं न्हाई आजी, औषध लावलंय."

म्हातारी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी शालनचं तोंड पाण्यानं खळखळून धुवायला लावलं. मग मला विचारलं, "गंधकच होतं ना? डब्यात त्याआधी काय होतं?"

शालन ऐकत होती. मी खरं काय ते सांगितलं. तिनं माझ्या हातातला आपला हात काढून घेतला. त्याइतकं मला जन्मात काही लागलेलं नाही.

बाईंनी पोटावर नळी टेकवली. इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मला रडू फुटत होतं आणि रडायचा हक्कही माझा नव्हता.

"आहेत ठोके," बाई म्हणाल्या, आणि मी मटकन खाली बसलो. खुर्ची तिथे नव्हती.

"गंधक तसं वाईट नसतं," बाई म्हणाल्या. "मलमात थोडंसं घालून आम्हीही देतो. तुम्ही एकराच्या मापानं दिलंत." मग शालनकडे वळून, "दिवसातून दोनदा साधा साबण आणि पाणी. मुरूम फोडायचे नाहीत. कुणी सांगितलेला लेप नाही, मनानं गोळी नाही. बाळंतपणानंतर बहुतेक आपोआप बसतात. आणि यांना जवळ येऊ द्यायचं नाही."

"पण ते विष, बाई?" मी विचारलं.

"आत्ता बाळ ठीक आहे. पुढचं आज सांगता येत नाही."

डोहाळजेवण झालं. फोटोत शालनच्या गालाची सालपटं निघालेली दिसतात, मी कडेला मान खाली घालून उभा आहे. पुढचे अडीच महिने ती माझ्याशी मोजकंच बोलली आणि मला घास गोड लागला नाही. मुलगी झाली तेव्हा मी तिच्या हातापायांची बोटं दोनदा मोजली. सगळी होती. रडली तीसुद्धा खणखणीत.

तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या गालावर बारीक पुटकुळ्या आल्या. मी नुसता वाकून बघत होतो. "आये, हिच्या गालावर..." एवढंच म्हणालो. आईनं पाळणा माझ्यापासून लांब ओढला. शालन कित्येक महिन्यांनी हसली.

"आवं, तुमी बागेत जावा बरं," ती म्हणाली.

गेलो. खोपीला नवं कुलूप होतं. त्याची किल्ली आजही शालनच्या कमरेला असते. गंधक काढायचं झालं की मला ती मागावी लागते, आणि देताना ती दर वेळी विचारते, "द्राक्षालाच न्हवं?"